सावली हे कारण नाही

सोमवारच्या गठ्ठ्यातला सातवा अर्ज वाचताना तिचं पेन पत्त्याच्या ओळीवर अडलं. घर क्रमांक एकोणीस. पुढचं वाचायची गरजच नव्हती. लोखंडी फाटक, त्याची डावी झडप थोडी उचलून ढकलायची, मग तीन पायऱ्या, त्यातली मधली किंचित उंच, नवा माणूस तिथे हमखास ठेचकाळायचा. आणि फाटक आणि पायऱ्या यांच्यामध्ये, समोरच्या खोलीची खिडकी झाकून टाकणारं तुतीचं झाड. हे सगळं अर्जात नव्हतं. अर्जात एवढंच होतं की झाड एक, तुतीचं, तोडायचं आहे, कारण मुळांमुळे कुंपणाच्या भिंतीला तडा गेला आहे. खाली तिच्या दादाचं नाव होतं. ते नाव तिनं सात वर्षांत कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं. अक्षरं ओळीखाली घसरली होती, एक शब्द दुसऱ्यावर चढला होता, आणि सही चौकट सोडून शिक्क्याच्या जागेत जाऊन बसली होती. तिला आधी नवल वाटलं आणि मग राग आला. ज्या माणसानं सबंध आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलं, ज्याची ओळ पट्टी न लावता सरळ यायची, त्यानं तिच्या कार्यालयात द्यायचा अर्ज असा, पाय पुसल्यासारखा खरडावा? मुद्दाम केलंय, ती मनाशी म्हणाली. माझ्या टेबलावर येणार हे त्याला ठाऊक असणार.

शहरात लोक तिला झाडवाल्या बाई म्हणत. पालिकेच्या वृक्ष विभागात तिला बावीस वर्षं झाली होती. कुणाला झाड तोडायचं असेल, छाटायचं असेल, तोडलेल्याच्या बदली कुठे लावायचं हे विचारायचं असेल, तर कागद तिच्याकडे यायचा, आणि ती जाऊन झाड बघून यायची. झाड तोडायला चारच कारणं चालत : वाळलेलं, रोगट, धोक्याचं, किंवा सार्वजनिक कामाच्या आड येणारं. बाकीची कारणं चालत नाहीत हेही नियमावलीत लिहिलेलं होतं. पानगळ, फळांचे डाग, पक्ष्यांची घाण आणि सावली. यातला ‘सावली’ हा शब्द तिनं भांडून घालायला लावला होता. एका बंगल्याच्या मालकाला पोहण्याच्या तलावावर ऊन हवं म्हणून तीन जुनी झाडं तोडायची होती. त्या माणसाचं सुवासिक, हसरं तोंड तिला अजून आठवायचं. सावली हे कारण नाही, असं तिनं बैठकीत उभं राहून सांगितलं होतं आणि साहेबांनी मान डोलावली होती. त्याच बैठकीत आणखी एक वाक्य तिच्याच हातचं पडलं होतं : झाड तोडण्याची गरज नसेल, पण रहिवाशाची अडचण खरी असेल, तर पाहणी करणाऱ्यानं स्वतःहून चौथ्या हिश्श्यापर्यंत छाटणीची शिफारस करावी. त्यासाठी वेगळा अर्ज मागू नये. लोकांना दहा खेटे घालायला लावायचे नाहीत, असं तेव्हा तिला मनापासून वाटत होतं.

कपाटात एक पातळ वही होती. अर्जदार नात्यातला असेल तर त्या वहीत तसं लिहायचं आणि अर्ज दुसऱ्याकडे द्यायचा. दुसरा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. त्याला सगळं कार्यालय ‘शिक्का’ म्हणायचं, कारण समोर येईल त्या कागदावर शिक्का उमटवून तो जेवायला उठायचा. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं. जुनं आणि नवं जोडून पाहणारं कुणी तिथे नव्हतं. शिक्क्यानं परवानगी देऊन टाकली असती आणि आठ दिवसांत झाड गेलं असतं. आणि ते झाड आईनं लावलेलं. तिनं वही काढली नाही. आईच्या झाडासाठी, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि तेव्हा ते तिला खरंही वाटलं.

आई गेली त्या दिवशीही ती एका झाडाच्याच बैठकीत होती. रस्त्यालगतचं एक झाड कुणीतरी परवानगीशिवाय पाडलं होतं, समोर तो माणूस आणि त्याचा वकील बसलेले, आणि बाराच्या सुमाराला दादाचा फोन आला. ‘आईला जरा...’ एवढंच त्याचं ऐकून ती म्हणाली होती, ‘मीटिंगमध्ये आहे रे, नंतर बोलते.’ चार वाजता आई गेली. सहाला हिनं फोन केला तेव्हा दादा म्हणाला, ‘नंतर झालं आता.’ ती ओरडली होती, नीट सांगायचं होतंस, पुन्हा करायचा होतास, वहिनीला करायला सांगायचं होतंस. मग नातेवाइकांमधून फिरत फिरत ते वाक्य तिच्या कानावर परत आलं : तिला झाडांमधून वेळ कुठे आहे? ते दादा म्हणाला होता की कुणी त्याच्या तोंडी घातलं होतं, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तो नाही म्हणाला असता, आणि मग तिच्याकडे रागवायला काहीच उरलं नसतं. सात वर्षं तिनं तो राग जपला. शहरात फिरताना तिची गाडी त्या गल्लीच्या तोंडावरून जायची, आणि ती त्या बाजूची खिडकी सोडून दुसरीकडे बघायची.

बुधवारी ती मुकादमाला घेऊन पाहणीला गेली. मुकादम खोडावर लाकडी हातोडी मारून आवाजावरून झाड सांगणारा. पोकळ कुठे, भरीव कुठे, हे त्याला डॉक्टरला छातीतलं कळावं तसं कळायचं. फाटकाची झडप तिनं सवयीनं उचलून ढकलली आणि तिला चोरी पकडल्यासारखं वाटलं. मुकादमाच्या ते ध्यानात आलं नाही. दादा वरच्या पायरीवर उभा होता. केस पार पांढरे झालेले. सात वर्षं एकदम समोर उभी राहिली. तो म्हणाला, ‘या, मॅडम.’

मुकादमासमोर आता दुसरं काही बोलणंच शक्य नव्हतं. ‘अर्जदार आपणच ना?’ तिनं विचारलं.

‘आपणच.’

बोलताना त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती; तिच्या खांद्यावरून मागे कुठेतरी, फाटकाच्या दिशेला लागलेली होती. तोंडही बघायचं नाही म्हणतोय, तिला वाटलं, आणि तिनंही मग कागदातून डोकं वर काढलं नाही. वहिनी पाण्याचे पेले घेऊन आली. नणंदेला बघून तिचे डोळे भरल्यासारखे झाले. ती दादाला म्हणाली, ‘अहो, सांगून टाका ना एकदाचं.’ तो म्हणाला, ‘त्यांना पुढे बऱ्याच ठिकाणी जायचं असेल. तू पाणी दे फक्त.’ वहिनी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी आत गेली. मुकादमानं खोडाभोवती फिरून चार ठिकाणी हातोडी मारली, कान लावला, बुंध्याचा घेर मोजला. ‘खणखणीत आहे, बाई. कुठे नाव ठेवायला जागा नाही.’ भिंतीचा तडा तर तिच्या ओळखीचा होता. आठ वर्षांची असताना त्यात तिनं खडूचे तुकडे कोंबले होते. ‘हा तडा जुना आहे,’ ती म्हणाली, ‘मुळं या बाजूला आलेलीच नाहीत. भिंतीशिवाय दुसरं काही कारण आहे का?’

वर पानांमध्ये कुठेतरी एक पक्षी फळं पाडत होता, पिकून काळी झालेली, फरशीवर पडली की जांभळा ठिपका उमटायचा. त्या ठिपक्यांवरून अनवाणी चालून ती शाळेत जायची आणि तळपाय दाखवून मुलींना सांगायची की आमच्या घरी शाईचं झाड आहे. ‘खोलीत अंधार पडतो,’ दादा अखेर म्हणाला. ‘दिवा लावतो, पण दिवसाच्या उजेडाची सर त्याला नाही. कामाला अडतं.’

‘सावली हे कारण धरता येत नाही,’ ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून कोरडा आला, आणि तो तसा आला म्हणून आत कुठेतरी बरंही वाटलं.

‘बरं,’ दादा म्हणाला.

परत जाताना गाडीत मुकादम बोलला, ‘बाई, खिडकीसमोरच्या दोन फांद्या उतरवल्या तरी त्या माणसाचं भागेल. चौथा हिस्सा आपल्याला लिहिता येतो की.’ ती म्हणाली, ‘त्यांचा तसा अर्ज नाही.’ मुकादमानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग तो बाहेर बघत बसला. नियम त्याला तोंडपाठ होते. कार्यालयात येऊन तिनं अहवाल लिहिला. झाड निरोगी. तडा जुना, मुळांशी संबंध नाही. सावली हे कारण ग्राह्य नाही. अर्ज नामंजूर. खाली शिफारशीचा रकाना होता. त्या रकान्यावर तिचा हात थांबला. दोन ओळींचं काम होतं. असल्या दोन ओळी तिनं अनोळखी लोकांसाठी शेकडो वेळा लिहिल्या होत्या, एका म्हाताऱ्या शिक्षकासाठी, एका रोपवाटिकेसाठी, एकदा तर निव्वळ एका बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांसाठी. मग तिला ‘या, मॅडम’ ऐकू आलं. मागायचं असेल तर माग, ती मनात म्हणाली, बहीण म्हणून माग. आणि त्या रकान्यात तिनं एक आडवी रेघ ओढली. अहवालाची प्रत अर्जदाराला गेली. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, आज एवढी गप्प का? तिनं सगळं सांगितलं, रेघेचं सोडून. तो म्हणाला, ‘तुला नातं निभावण्यापेक्षा नियम पाळणं सोपं जातं.’ तो हे थट्टेत म्हणाला होता, तरी ती ताटावरून उठली.

दादानं अपील केलं नाही, छाटणीचाही अर्ज केला नाही. पुढचं सव्वा वर्ष तिनं ती गोष्ट विचारातून बाहेर ठेवली. निदान तशी समजूत होती. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत दादाची मुलगी कार्यालयात आली. शेवटची पाहिली तेव्हा ही भाची कॉलेजात होती. आता प्रयोगशाळेत नोकरी करत होती आणि तिच्या कपाळावर वहिनीसारखी उभी आठी पडायला लागली होती. ‘आत्या, मी भांडायला आले नाही,’ ती खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. ‘बाबांना आता दिसत नाही. चार महिने झाले. एका डोळ्याला नुसता उजेड आणि अंधार कळतो, तोही कधी कधी.’

ती काहीतरी बोलली असावी, कधीपासून, कसं, कारण भाची सांगत गेली. डोळ्याच्या पडद्याचा आजार. तू झाड बघायला आलीस त्याच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन वर्षं, कदाचित कमी. भरपूर दिवसाचा उजेड मिळाला तर काम होईल तोवर करून घ्या. पाट्यांचं काम तर केव्हाच छापील फलकांनी खाल्लं होतं. पण बाबांच्या डोक्यात एक होतं. आपल्या वळणाची सगळी अक्षरं एकेका मोठ्या कागदावर ब्रशनं काढून ठेवायची, अ पासून ज्ञ पर्यंत, माप आणि वळण दाखवून, म्हणजे कुणाला शिकायचं असेल तर शिकता येईल. सकाळी खिडकीतून जेवढा उजेड यायचा तेवढ्यात ते बसायचे. ‘भ पर्यंत झाली,’ भाची म्हणाली. ‘म पासून पुढची राहिली.’

‘अर्जात का नाही लिहिलं मग? कागद जोडला असता डॉक्टरांचा तर...’

‘मीही तेच म्हटलं. म्हणाले, डोळे माझे आहेत, ते फाइलीत कशाला?’

भाची गेल्यावर तिनं जुनी फाइल काढली. घसरलेल्या ओळी, एकावर एक चढलेले शब्द, चौकट न सापडलेली सही. या माणसानं तिला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. तो चौदाचा, ती पाचची. तिचं बोट धरून तो म्हणायचा, आधी वरची रेघ बघ, अक्षर रेघेला टांगलेलं असतं, उभं नसतं. ती अनुस्वार वाटेल तिथे द्यायची, म्हणून तिला टिंबे म्हणायचा, टिंबे, हे टिंब कुणाचं, उचल ते. त्या माणसाची ओळ घसरते म्हणजे काय होतं, हे जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तरी तिला कळायला हवं होतं. झाडाच्या सालीवरचा बोटभर डाग बघून आतला रोग सांगणारी ती.

भाचीनं टेबलावर एक नोटीस ठेवली होती. गल्लीतून पावसाच्या पाण्याची नवी वाहिनी जाणार होती. फाटकाच्या आतली पट्टी त्यात जात होती आणि पट्टीवरचं झाडही. सार्वजनिक काम. हरकत घ्यायला सात दिवस. ‘बाबा म्हणतायत, आता झाड राहू दे,’ भाची जाता जाता म्हणाली होती. ‘हरकतीचा अर्ज मी लिहिलाय. तुला सांगायचं नाही म्हणाले होते. मी आले.’

रविवारी ती गेली. फाटकाचा आवाज झाला आणि आतून दादाची हाक आली, ‘कोण आहे?’ ती पायऱ्यांपाशीच उभी राहिली. वहिनी बाहेर आली आणि ‘वन्सं!’ म्हणून दारातच थांबली. दादा खिडकीशी खुर्चीत होता. ‘टिंबे का?’ तो म्हणाला. ‘ये. पायरी सांभाळ.’ बस्स, एवढंच. इतक्या वर्षांचं काही नाही. ती त्याच्या शेजारी स्टुलावर बसली. त्याचे डोळे तसेच होते, स्वच्छ, तपकिरी, फक्त ते कुठे थांबत नव्हते. तो झाडाबद्दल बोलत राहिला, जणू तीच एक विषयाची माहीतगार आली होती. सकाळी आधी चिमण्या, मग दहाच्या सुमाराला वारा फिरतो, आधी फाटकाकडची पानं वाजतात आणि मग खिडकीकडची. दुपारी सगळं गप्प. फळं पडायला लागली की आवाजावरून कच्चं-पिकलं कळतं. ‘घड्याळ लागत नाही मला,’ तो म्हणाला. ‘आधी नको होतं, आता तेवढंच हवंय. माणूस सोयीचा असतो बघ.’ तिनं कागद बघायला मागितले. वहिनीनं कपाटावरून गुंडाळी काढून दिली. क, ख, ग, काळेभोर, भरदार, जागच्या जागी बसलेले. त पासून पुढे कडा थरथरू लागल्या होत्या. ‘भ कसा आलाय?’ दादानं विचारलं.

‘छान आलाय.’

‘खोटं बोलू नकोस. पोट फाटलंय त्याचं. मला आठवतंय.’

तेव्हा सांगायला हवं होतं. रेघेचं. ओठांपर्यंत आलं होतं, आणि वहिनी चहा घेऊन आली, आणि तिच्या तोंडून निघालं ते दुसरंच : ‘पाण्याची वाहिनी वळवता येते, दादा. बुंध्यापासून दोन हात बाजूनं नेता येते, मी करून घेतलंय पूर्वी. बघते मी.’ दादानं हात पुढे केला, अंदाजानं, आणि तो तिच्या मनगटाला लागला. ‘बघ,’ तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरकतीची फाइल तिच्या टेबलावर आली. तिनं ती उघडली, नकाशा पसरला, वाहिनीची रेषा कुठे वाकवायची तिथे पेन्सिलीनं बारीक खूणही केली. मग तिच्या मनात आलं की बांधकाम खातं हे सहज मान्य करणार नाही; ते विचारतील, या एका झाडासाठी एवढा आग्रह का; कुणीतरी या घराच्या नामंजूर अर्जाचा जुना अहवाल काढेल, त्यावर तिची सही, आणि मग आडनावं जुळवली जातील. निवृत्तीला पावणेदोन वर्षं राहिली होती. तिनं स्वतःला सांगितलं की गेल्या वेळी आपण चुकलो ते नातं लपवून. या वेळी तरी सरळ वागावं. तिनं कपाट उघडलं, एरवी कुणी चाळत नसलेली ती पातळ वही काढली, आणि सुबक अक्षरात लिहिलं : अर्जदार माझा सख्खा भाऊ. फाइल उचलून शिक्क्याच्या टेबलावर ठेवली तेव्हा तिला हलकं वाटलं. खरोखरच हलकं; ते ती नंतर विसरू शकली नाही. ‘जरा नीट बघा,’ ती त्याला म्हणाली. ‘वाहिनी वळवता येण्यासारखी आहे. मी खूण केलीये.’

शिक्का नेहमीसारखा हसला नाही. तिला वाटलं त्यापेक्षा तो माणूस जास्त जागा होता. ‘बाई, आता यात तुम्ही बोलायचं नाही,’ तो म्हणाला. ‘वहीत तुम्हीच लिहिलंत.’ आणि त्यानं रबर घेऊन तिची खूण पुसली.

हरकत फेटाळली गेली. झाड तोडायचा दिवस ठरला तो गुरुवार. भाचीनं फोन केला होता, येशील का म्हणून. ती म्हणाली, बघते. गुरुवारी सकाळी ती कार्यालयात बसून दुसऱ्या वॉर्डातल्या छाटणीचे कागद तपासत राहिली. दहा वाजले तेव्हा वारा फिरला असेल का, असं मनात आलं आणि तिनं तीच बेरीज पुन्हा केली. तिसऱ्या प्रहरी मुकादम आला. अंगावर लाकडाचा भुसा, बोटं जांभळी. तो दारातच उभा राहिला. ‘बाई, तुमच्या घरचं झाड होतं म्हणे. तेव्हाच सांगायचंत मला.’ तिनं समोरचे कागद एकावर एक रचले. ‘तुमचे भाऊ शेवटपर्यंत पायरीवर बसून होते,’ मुकादम म्हणाला. ‘दर वेळी विचारायचे, ही कुठली पडली? मी सांगत होतो, रस्त्याकडची, मधली, खिडकीवरची. मला वाटलं, घरातलं कुणीतरी शेजारी बसून सांगेल. वहिनीबाई तर आतच होत्या, रडत.’ त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता. तो हात धुवायला निघून गेला.

एका झाडाच्या बदली दोन लावायची, महिन्याच्या आत, आणि तीन वर्षं जगवायची, असा नियम आहे. गल्लीत जागा नव्हती. बस आगाराच्या मागे, जिथे ती नवी वाहिनी जाऊन उघड्या नाल्याला मिळते, तिथल्या काठावर दोन खड्डे ठरले. तिनं या वेळी आपणहून दादाला फोन केला. ‘झाडं लावायची आहेत. येतोस?’ तो म्हणाला, ‘मी काय करणार येऊन?’ आणि मग लगेच, ‘किती वाजता?’

भाचीनं त्याला आगारापर्यंत आणून सोडलं आणि ती कामाला गेली. जमीन उंचसखल होती. त्यानं एका हातात काठी धरली, दुसरा हिच्या खांद्यावर ठेवला. मुकादमानं खड्डे आधीच घेऊन ठेवले होते. रोपं कमरेएवढी, काठीला बांधलेली. दादानं एकाचं पान दोन बोटांत धरून पाहिलं. ‘ही तुती नाही.’

‘तुती यादीत नाही. लावायच्या झाडांची यादी असते. फळांचे डाग पडतात म्हणून तिला वगळलंय.’

‘म्हणजे डाग पडतात म्हणून तोडता येत नाही,’ दादा म्हणाला, ‘आणि डाग पडतात म्हणून लावताही येत नाही.’ आणि तो हसला, पूर्वीसारखा, खांदे हलवून. मुकादमही हसला. तिलाही हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी मोडलं. दादानं दोन्ही खड्ड्यांत मूठ मूठ माती टाकली. मुकादम पाण्याची बादली आणायला आगाराच्या नळावर गेला. ते दोघंच उरले. नाल्याला त्या दिवसांत पाणी नव्हतं, तळाशी फक्त ओल होती आणि कडेला गवत. ती म्हणाली, ‘दादा, मला एक सांगायचंय.’ तो थांबला. ‘तेव्हा तुझा अर्ज नामंजूर केला ना मी. झाड तोडायला देता आलं नसतं, ते खरं होतं. पण छाटणी लिहिता आली असती मला. तू न मागता. खिडकीसमोरच्या फांद्या. दोन ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिल्या नाहीत. मुद्दाम.’

दादानं काठीनं समोरची माती चाचपली, ढेकूळ फोडलं.

‘मला माहीत होतं,’ तो म्हणाला.

‘काय माहीत होतं?’

‘ते छाटणीचं. अर्ज करायच्या आधी तुमची नियमावली आणून सगळी वाचली होती मी. भिंग लावून. तेव्हा वाचता येत होतं. तोडून मिळणार नाही हे कळलंच होतं. म्हटलं, तोडायचा अर्ज केला की कुणीतरी बघायला येईल आणि छाटणी लिहून जाईल. मग तूच आलीस.’ त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. ‘तुझा कागद आला तेव्हा आधी खालचा रकाना बघितला. तिथे मला काही दिसेना. वाटलं, डोळे दगा देतायत. तू लिहिलं असणार, आपल्यालाच लागत नाहीये. उन्हात नेऊन धरला. मग पोरीला बोलावलं. म्हटलं, बघ गं, इथे आत्यानं काय लिहिलंय. ती म्हणाली, काही नाही बाबा, रेघ आहे.’

आगारात कुणीतरी बस चालू केली, बराच वेळ ती जागच्या जागी घरघरत राहिली. तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. माफ कर, असं काहीतरी. पण माफ कर हे शब्द तिनं त्याला लहानपणीसुद्धा कधी म्हटले नव्हते. तिच्या तोंडून कसलाच आवाज आला नाही, आणि न बोललेलं तर त्याला आता दिसणारही नव्हतं. मुकादम बादली घेऊन आला, दोन्ही रोपांना बेतानं पाणी घातलं, आळी नीट केली, ‘जगतील,’ असं म्हणून हत्यारं गोळा करायला लागला.

‘चल,’ दादा म्हणाला, आणि त्यानं हात पुढे केला. तिनं खांदा त्याच्या हाताखाली नेला. ‘पुढे काय येईल ते सांगत जा. येताना पोरगी बोलतच नव्हती, दोनदा ठेच लागली.’

ती सांगू लागली. दगड आहे. इथे ओलं आहे, डावीकडून. आता थोडा चढ. आता सरळ.